बारा फेब्रुवारीला आणखी कोण?

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आहाराच्या बाईंनी बजावलं आहे की दिवसभरात प्यायलेला प्रत्येक घोट लिहून ठेवा, पाऊण लिटरच्या वर थेंब नको. म्हणून हे रजिस्टर काढलं. लिफ्टच्या सर्व्हिसिंगचं आहे, कोरं राहिलेलं. रकाने छापलेले आहेत: तारीख, बिघाड, काय केले, सही. तर बिघाड: दोन्ही किडन्या. काय केले: आठ महिने झाले, मंगळवार-गुरुवार-शनिवार सकाळी सात ते अकरा स्वतःला यंत्राला जोडून घेतो, ते रक्त धुऊन परत देतं. सहीचा रकाना मोकळा ठेवतो आहे. काम पुरं झाल्याशिवाय सही करायची नाही, ही सव्वीस वर्षांची सवय आहे.

आजचं पाणी: साडेसहाशे, अधिक बर्फाचे दोन खडे.

बर्फाचं सांगायला हवं. आमच्या खोलीत तीन खाटा. खिडकीपाशी गुरुजी, भूगोल शिकवून निवृत्त झालेले, वय चौऱ्याहत्तर. मधे टेलरमास्तर. दारापाशी मी. चार तासांत सिस्टर प्रत्येकाला बर्फाचा एक खडा देतात आणि आम्ही तो अधाशासारखा बघत बसतो. त्यावर गुरुजींनी खेळ काढला. आजच्या तारखेला जगात पूर्वी काय घडलं आणि कोण जन्मलं, ते घरून शोधून आणायचं. मोबाइल बंद, तोंडपाठ सांगायचं. ज्याचं ऐकून बाकीचे गप्प बसतील तो जिंकला, आणि हरलेल्यांपैकी एकाचा खडा त्याचा. निवाडा गुरुजींचा.

आज गुरुजींनी अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्या आणल्या. १८८३ साली याच दिवशी त्यांनी गावोगावची घड्याळं शिस्तीत आणली म्हणे. मी फोटो काढायची रीत बसवणारा फ्रेंच माणूस आणला, जन्म १८ नोव्हेंबर १७८७. टेलरमास्तर म्हणाले, "तो नसता तर माझ्या लग्नातले माझे केस कुणाला खरे वाटले नसते." जिंकलो. दुसऱ्याच्या वाटणीचा बर्फ फार गार लागतो.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

मनातलं लिहायचं तर आजच लिहितो, नाहीतर राहून जाईल.

बायको किडनी द्यायला पुढे आली, हिची तपासणी उन्हाळ्यात झाली. तिला साखर निघाली, डॉक्टर म्हणाले, यांची किडनी घेता येणार नाही. मग चुलतभाऊ पुढे आला, सगळ्या गावाला सांगून आला, आणि शेवटच्या तपासणीच्या सकाळी त्याचा फोन बंद. त्याला दोष देत नाही, कापून घ्यायचं म्हणजे भीती वाटणारच. पण त्यानंतर मी आठ दिवस कुणाशी बोललो नाही. आता मयत माणसाच्या किडनीच्या यादीत नाव आहे. नंबर येईपर्यंत चार-पाच वर्षं सहज जातील. डॉक्टरांनी हे सांगताना माझ्याकडे बघितलं नाही, फाइलकडे बघितलं.

आक्काने मात्र या सगळ्यात एक शब्द काढला नाही. माझी सख्खी मोठी बहीण, एकुलती एक. अकरा वर्षांनी मोठी, आता एकटी असते, दोन बसथांबे पलीकडे. रोज फोन करते. काय खाल्लंस, किती प्यायलास, झोप लागली का. तेवढंच. तिच्याकडे मी मागणार नाही. मागायची गोष्टच नाही ती. राग नाही मला. (असं लिहितो आहे, म्हणजे आहे.)

६ डिसेंबर, शनिवार

आक्का आली. चार मजले जिन्याने चढून आली! ज्या इमारतीची लिफ्ट मी स्वतः बसवली, जी दाखवून 'माझ्या भावाने बसवली' असं ती बायकांना सांगत फिरायची, ती लिफ्ट सोडून जिन्याने. दारात धापा टाकत उभी.

मी म्हटलं, "माझ्या कामावर विश्वास उरला नाही वाटतं."

"चालायला सांगितलंय."

"कुणी?"

"गुडघ्यांनी," म्हणाली आणि आत गेली.

चहात साखर घेतली नाही. बिस्किटाला हात लावला नाही. पाच-सहा किलो तरी उतरली आहे. त्रेसष्टी गाठत आली आणि आता आक्काला बांधा सुधारायची हौस! मी तसं बोलूनही दाखवलं. ही स्वयंपाकघरातून इतक्या जोरात "पुरे!" म्हणाली की मी गप्पच झालो. आक्का हसत होती. तिच्या कोपराच्या आतल्या बाजूला कापसाचा बोळा चिकटवलेला होता. विचारलं तर म्हणाली, डास चावला. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये पस्तीस वर्षं काढली बाईने, लोकांचे फोन जोडून दिले, पण स्वतःचं काही सांगायची वेळ आली की आक्काची लाइन नेहमी खराब.

पाणी: सातशे.

१४ डिसेंबर, रविवार

आक्काकडे गेलो होतो, तिच्या गिझरचं बटण बदलायला. न्हाणीघरात पाच लिटरचा प्लास्टिकचा कॅन, झाकण घट्ट, वर चिकटपट्टीवर तारीख आणि 'सकाळी ६ पासून'. मी उचलून बाजूला ठेवायला गेलो तर आक्का किंचाळली. तिची किंकाळी मी आयुष्यात दोनदा ऐकली असेल. म्हणे झाडांचं औषध आहे. घरात झाड नाही, कुंडी नाही.

हिला सांगितलं. "आक्का आताशा विसरते का गं? काहीतरीच वागते." ही भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "तुम्ही आपलं गिझरचं बघा." या घरात माझं म्हणणं कुणी मनावर घेत नाही.

२३ डिसेंबर, मंगळवार

आज गुरुजींनी स्वतःच बाजी मारली. हळू आवाजात, वर्गात सांगावं तसं. "तेवीस डिसेंबर एकोणीसशे चोपन्न. दोन जुळे भाऊ. एकाच्या किडन्या गेलेल्या. दुसऱ्याने आपली एक दिली. जगातलं हे पहिलं, नीट पार पडलेलं. घेणारा पुढे आठ वर्षं जगला. देणारा छप्पन्न वर्षं."

खोलीत फक्त यंत्रांचा आवाज. गुरुजी माझ्याकडे बघत होते, आणि उगीच बघत होते असं मला वाटलं. मी चिडून म्हटलं, "गुरुजी, मला भाऊ नाही, जुळा तर नाहीच नाही."

"मी कुठे काही म्हटलं," ते म्हणाले. "खडा आण इकडे."

दिला. हल्ली आक्का सकाळी बाहेरच्या बाकावर गुरुजींच्या मुलीशेजारी बसलेली असते. कशाला येते कोण जाणे, मला आत भेटत नाही. विचारलं तर म्हणाली, फिरायला येते. रुग्णालयात फिरायला येणारी बाई मी पहिलीच पाहिली.

१३ जानेवारी, मंगळवार

दुपारी रुग्णालयाच्या ऑफिसातून फोन. नातेवाइकांच्या नोंदी तपासतायत म्हणे. "तुमच्या बहिणीची जन्मतारीख सांगा."

सांगता येईना. साल सांगितलं, तेही बोटांवर मोजून. तारीख? मी म्हटलं, "जून असेल. नाहीतर जुलै."

"नक्की माहीत नाही?"

"अहो, आक्काचा वाढदिवस आमच्याकडे कधी करतच नाहीत."

त्यांनी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. शनिवारी मला न्यूटनपासून पाश्चरपर्यंत सगळ्यांच्या तारखा पाठ असतात म्हणून टेलरमास्तर कौतुक करत होते. गंमतच आहे.

१७ जानेवारी, शनिवार

संध्याकाळी आक्का. तोंड उतरलेलं. मला म्हणाली, "आपल्या दोघांचा लहानपणचा एखादा फोटो आहे का तुझ्याकडे? बाबांनी काढलेला?"

"कशाला?"

"हवाय. किती प्रश्न विचारतोस!"

ट्रंकेतून जुना अल्बम काढला. एकच सापडला. माझा पहिला वाढदिवस. टेबलावर केक, त्यात एक मेणबत्ती, मी खुर्चीवर उशा रचून बसवलेला, तोंड फुगवून. मागे दारात आक्का, पडद्याची कड मुठीत धरून उभी. डिंकाने घट्ट चिकटवलेला होता, तिने वाफेवर धरून अलगद सोडवला. मागची बाजू दिव्याजवळ नेऊन दोनदा वाचली. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, "काही नाही. बाबांचं अक्षर." फोटो पर्समध्ये घालून लगेच निघाली. चहासुद्धा नाही.

बाबांची आठवण तिला अजून एवढी येते, हे मला माहीत नव्हतं.

३१ जानेवारी, शनिवार

यंत्रावर असताना रक्तदाब एकदम उतरला. पोटऱ्यांत गोळे. सिस्टरांनी पाय वर केले, टेलरमास्तरांनी आपला मोकळा हात लांबवून माझा अंगठा धरून ठेवला, तेवढाच त्यांना पोचत होता. खेळ झाला नाही. घरी येताना वाटलं, पाच वर्षं हे माझ्याच्याने निभणार नाही. हिला सांगितलं नाही, इथे लिहितो. आपल्याला जगायची केवढी हाव आहे, याची मला लाज वाटली. आणि टेलरमास्तरांचा हात आठवून बरंही वाटलं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आज सगळं नीट लिहायचं आहे.

आज माझा वाढदिवस, बावन्न पूर्ण. म्हणून खेळाची तयारी जोरात. माझी पाळी आल्यावर म्हटलं, "बारा फेब्रुवारी अठराशे नऊ. एकच दिवस, एकच साल, दोन जन्म. लिंकन आणि डार्विन. एक लाकडाच्या खोपटात, दुसरा डॉक्टरच्या मोठ्या घरात. मधे अख्खा समुद्र. एक तारीख दोघांनी वाटून घेतली!"

टेलरमास्तर गप्प. गुरुजींनी स्वतःहून आपला पेला पुढे केला. "आणि आमच्या दारापाशीचे तिसरे," सिस्टर म्हणाल्या. सगळ्यांनी एका हाताने टाळ्या वाजवायचा प्रयत्न केला, दुसऱ्या हातात सुया. गुरुजींनी विचारलं, "बारा फेब्रुवारीला आणखी कोण?"

मी म्हटलं, "आणखी कुणी नाही. नाव घेण्याजोगे एवढेच."

तेवढ्यात डॉक्टर आत आले. मागे ही, आणि तिच्या मागे आक्का. डॉक्टर म्हणाले, "वाढदिवसाची भेट आणली आहे. दाता मिळाला. सगळं जुळतंय. अवयवदानाच्या समितीची परवानगी काल हातात आली."

मी म्हटलं, "कोण?" डॉक्टर हसले आणि बाजूला झाले. आक्का पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरून उभी होती.

"बघतोस काय असा? मीच."

चार महिने! जिना, साखर, कापसाचा बोळा, तो कॅन (चोवीस तासांची लघवी साठवून तपासायला न्यायची असते). माझी बहीण माझ्यासाठी एकेक तपासणी देत होती आणि मी तिच्या बांध्यावर विनोद करत होतो.

डॉक्टर पुढे म्हणाले, "खरं तर हे महिनाभर आधीच झालं असतं. पण ऑफिसने फाइल अडवली. दोघांच्या अर्जांवर तारीख आणि महिना एकच. कारकुनाला वाटलं, रुग्णाचीच तारीख चुकून बहिणीच्या अर्जावर उतरवली. खात्री करायला तुम्हाला फोन केला, तर तुम्ही सांगितलंत, जून नाहीतर जुलै. मग त्यांचा संशय पक्का झाला. यांचा जुना दाखला मिळेना. शेवटी या फोटोने काम केलं." त्यांनी तो फोटो माझ्या हातात दिला, उलटा.

बाबांचं बारीक, तिरकं अक्षर. 'चि. बाळ वय १, चि. बेबी वय १२. दोघांचा वाढदिवस. १२ फेब्रुवारी.'

फोटो सुलटा केला. केकवर एकच मेणबत्ती. मागे पडदा धरून उभी असलेली ती मुलगी त्या दिवशी बारा वर्षांची झाली होती.

कुणी काही बोललं नाही. खेळाच्या नियमाने बघितलं तर सगळ्यात मोठी शांतता आजचीच. गुरुजी म्हणाले, "मी निवाडा फिरवतो. आजचे खडे त्यांचे." सिस्टरांनी माझा पेला उचलून आक्काच्या हातात दिला. तिने त्यात बघितलं, आणि परत माझ्या हातात ठेवला. "तूच घे. मला पाणी पिता येतं रे."

रडलो. सगळ्यांसमोर, सुया लावलेल्या हातानेच डोळे पुसायला गेलो तर सिस्टर ओरडल्या.

घरी आल्यावर आक्काला विचारलं, "मला सांगितलं का नाहीस?"

"हिचा रिपोर्ट आला तेव्हा तू तीन दिवस भिंतीकडे तोंड करून पडलास. चुलतभावाच्या वेळी आठ दिवस. तिसऱ्यांदा मला बघायचं नव्हतं. पक्कं होईपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही, अशी सगळ्यांना तंबी दिली होती मी."

"ते नाही. वाढदिवसाचं."

ती थोडा वेळ चहा ढवळत राहिली. साखर नव्हतीच त्यात. "काय सांगायचं त्यात? अकरावा वाढदिवस होता माझा. केक आणलेला, अकरा मेणबत्त्या. सकाळीच आईला कळा सुरू झाल्या, सगळे दवाखान्यात पळाले. संध्याकाळी बाबांनी तुला माझ्या मांडीवर ठेवलं. म्हणाले, ही तुझी यंदाची भेट."

"मग तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, मला सायकल हवी होती."

आम्ही दोघं इतके हसलो की हिला वाटलं पुन्हा रडतोय.

"नंतर तुझाच होत गेला दरवर्षी. आईला एवढ्या नवसाचा तू. मलाही तेव्हा राग यायचा, नाही असं नाही. दोन-तीन वर्षं यायचा. मग तू शाळेत जायला लागलास, माझ्या बोटाला धरून. सायकल असती तर एव्हाना गंजली असती."

पाणी आज मोजलं नाही.

१६ फेब्रुवारी, सोमवार

डॉक्टरांनी दोन तारखा दिल्या, तेवीस मार्च किंवा पंचवीस. आक्काने माझ्याकडे बघितलं. "तुम्ही लोक खेळता ना ते? तेवीसला काय झालं होतं?"

हे मला झोपेतही सांगता येतं. "तेवीस मार्च अठराशे सत्तावन्न. माणसांना वर नेणारी पहिली सुरक्षित लिफ्ट सुरू झाली. दोर तुटला तरी खाली पडणार नाही अशी."

"मग तेवीसच," ती म्हणाली. "वर जाऊन सुखरूप खाली यायचंय मला."

डॉक्टरांनी डायरीत लिहिलं. एवढ्या मोठ्या कामाची तारीख अशी ठरली.

२२ मार्च, रविवार

दाखल झालो. तिची खोली पलीकडे, मधे एक भिंत. भीती वाटते, पण माझी नाही. उद्या आधी तिला नेणार. तिला काही झालं तर मी ती किडनी घेऊन काय करू? हे मी तिला जाऊन बोललो. ती पलंगावर बसून वेणी घालत होती.

"बाळ्या, तुला मांडीवर घेतलं तेव्हाही सगळे ओरडत होते, पाडशील, पाडशील. पाडलं का?"

"नाही."

"मग जा, झोप."

लिफ्ट वर जाते तेव्हा शाफ्टच्या मागच्या अंगाला तेवढंच वजन खाली उतरत असतं. लिफ्टमधल्या माणसाला ते कधी दिसत नाही. सव्वीस वर्षं मी त्या वजनाला तेल-पाणी केलं, त्याचे दोर तपासले, आणि घरात मात्र एकदाही मागे वळून बघितलं नाही.

२७ मार्च, शुक्रवार

आज लिहिता येतंय. दोघंही ठीक. किडनीने टेबलावरच काम सुरू केलं म्हणे, सर्जन म्हणाले, "बाई वेळेच्या पक्क्या दिसतात." मी म्हटलं, एक्स्चेंजमध्ये होत्या.

काल आक्का चालत माझ्या दारापर्यंत आली, एक हात पोटावर, एक भिंतीला. काचेतून बघून तिने मान हलवली, जशी ती माझं प्रगतिपुस्तक बघून हलवायची. मग गेली.

आणि पाणी! नवीन हुकूम: रोज तीन लिटर, कमी नको. सिस्टरने सकाळी काठोकाठ भरलेला पेला आणून ठेवला. मी बराच वेळ नुसता बघत बसलो. मग एका दमात प्यायलो, हनुवटीवरून ओघळलं तेही पुसलं नाही. एवढं साधं सुख असतं आणि लोक त्याच्याशेजारून फाइल घेऊन निघून जातात.

पाणी: तीन लिटर शंभर.

१२ फेब्रुवारी, शुक्रवार

मधे बरेच महिने हे रजिस्टर उघडलं नाही. पाणी मोजायचं राहिलं नाही, म्हणून बहुतेक.

खेळ मात्र सोडला नाही. काल मुद्दाम गुरुवार साधून सकाळी त्या खोलीत गेलो. गुरुजी खिडकीपाशीच आहेत. त्यांच्या वयाला शस्त्रक्रिया झेपणार नाही, आणि हे ते हवामान सांगितल्यासारखं सांगतात. दारापाशीच्या माझ्या खाटेवर आता एक बाई आहेत, बँकेत असतात, त्यांनी महिनाभरात सगळ्यांचा बर्फ जिंकला आहे. टेलरमास्तर म्हणाले, "उद्याच्या तारखेला कोण जन्मलं, सांगा बघू." मी म्हटलं, "आमची आक्का. मग लिंकन, डार्विन आणि बाकीचे." गुरुजींनी आपला खडा मला देऊ केला. मी तो त्यांच्याच पेल्यात टाकला.

आज घरी केक. हिने मेणबत्त्या आणल्या, चौसष्ट, मोजून. लावायलाच पंधरा मिनिटं गेली, पहिल्या विझायला आल्या तरी शेवटच्या लागेनात. आक्का ओरडत होती, "अगं पुरे, घर पेटेल!" तिला टेबलापाशी खुर्चीवर बसवलं. मागे उशी दिली, तिने ती काढून फेकली.

हिने फोटोसाठी मोबाइल धरला. मी जाऊन मागे दारात उभा राहिलो, पडद्याची कड मुठीत धरून. आक्काने वळून बघितलं. मग म्हणाली, "नीट उभा राहा, तोंड फुगवू नकोस." आणि फुंकर मारली. चौसष्ट मेणबत्त्या, तीन दमांत.

मग मी हे रजिस्टर तिच्यापुढे ठेवलं, पहिलं पान उघडून. बिघाड: दोन्ही किडन्या. सहीच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"कशाची सही?"

"काम पुरं झाल्याची. ज्याने काम केलं त्याने करायची असते."

तिने चष्मा शोधला, तो डोक्यावरच होता. पूर्ण नावाने, सावकाश सही केली, एक्स्चेंजमध्ये करायची तशी. मग मला काही न विचारता खाली तारीख घातली: १२ फेब्रुवारी.